पाऊस उघडला की बघू

लोक पाऊस आला की हळवे होतात. माझं उलटं आहे. पाऊस निघून गेला, हवा कोरडी झाली, की मला काही सुचेनासं होतं.

आज सकाळी आमच्या बाथरूमचं दार लाथ न मारता लागलं. जूनपासून ते फुगून बसलेलं असतं. खालून पायानं एक ठेवून द्यावी लागते, मग कुठे कुरकुरत चौकटीत शिरतं. आज नुसतं ढकललं आणि कडी बसली. मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिले. आला बाई, म्हटलं. ऑक्टोबर आला. बाहेरून आईनं विचारलं, काय झालं गं, पडलीस का? नाही म्हटलं, दार लागलं. दार लागलं यात सांगण्यासारखं काय आहे, असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली. पण तिलाही कळलं असणार. आमच्या घरात दारावरून महिना सगळ्यांनाच कळतो.

कंपनीची बस दिघीहून निघून भोसरीबाहेर पडली आणि मोशीच्या पुढे उन्हाचा तो पांढरा चटका सुरू झाला. गच्च्यांवर गोधड्या पडल्या होत्या. रस्त्याकडेचं गवत परवापर्यंत कमरेएवढं हिरवं होतं, ते आता शेंड्याकडून पिवळं पडायला लागलंय. झेंडूनं भरलेले टेम्पो पुण्याकडे चालले होते. चार महिने तुडवलेल्या चिखलाचीच आता धूळ झाली होती आणि ट्रकांच्या मागे धावत होती. बसमधल्या बायका म्हणत होत्या, सुटलो एकदाचे, कपडे तरी वाळतील. मीही मान डोलावली. कपडे वाळतात हे खरंच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

माझं भांडण आहे ते दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका कोरड्या आठवड्याशी. त्या वर्षी आमच्याकडे, घरीही आणि कंपनीतही, ओल ही एकच सबब होती. सगळं तिच्यावर ढकलून आम्ही निवांत होतो. मग पाऊस गेला आणि जाताना ती सबबही घेऊन गेला.

मी काय काम करते हे सांगायला लागले की नातेवाइकांचे डोळे जड व्हायला लागतात. म्हणून लग्नकार्यात मी ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगते. पण इथं सांगायलाच हवं. चाकणला आमची कंपनी गाड्यांचे लहानमोठे भाग करते आणि तिच्या मागच्या अंगाला एक लॅब आहे. तिथे आम्ही उजेड पडला की करंट देणारी फिल्म बनवतो. कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी पातळ. ती धातूची नाही, सिलिकॉनची नाही, पॉलिमरची. म्हणजे साध्या भाषेत प्लास्टिकची. पुस्तकात तिला सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. आमच्या लॅबमध्ये असं कुणी म्हणालं तर त्याला दिवसभर त्याच नावानं हाक मारतील.

पप्पांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसत होते. माझे पप्पा भोसरीच्या एका कारखान्यात मोटर वाइंडर होते. तरुणपणी लातूरकडून आले ते तांब्याच्या तारेत गुंतले आणि रिटायर होईपर्यंत सुटले नाहीत. मोटर जळली की तिच्या पोटातली जुनी तार उपसायची, नवी भरायची, वरून व्हार्निश पाजायचं आणि भट्टीत शेकायचं. त्या तांब्याच्या तारेवर जो चकचकीत लेप असतो, तोही पॉलिमरच. “आमी जन्मभर प्लास्टिक लावलं ते करंट बाहेर जाऊ नये म्हणून,” पप्पा म्हणाले, “अन् तू शिकूनसवरून प्लास्टिकातनं करंट काढायला निघालीस?” त्यानंतर घरी कुणी आलं की ते छाती पुढे काढून सांगायचे, आमची लेक उलटं वाइंडिंग करती.

उलटं म्हणा, सुलटं म्हणा, काम मोठं लोभस आहे. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळी. तिच्या प्रत्येक कडीला एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला शेपूट, डोक्याला शेपूट असं शिस्तीत जोडत गेलं की साखळी सपाट पडते, शेजारच्या साखळीला चिकटून झोपते, आणि मग इलेक्ट्रॉन तिच्यावरून बिनबोभाट पळतो. पण मधेच कुठे दोन डोकी समोरासमोर आली, की भोसरीच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्यावर जे होतं तेच. कुणीच मागे हटत नाही. साखळी तिथे पिळली जाते आणि पुढचा रस्ता बंद होतो.

यातली खरी गंमत रंगाची. बाटलीतली भुकटी गरम द्रावणात विरघळवली की नारिंगी दिसते, कारण साखळ्या सैलावून, वेड्यावाकड्या तरंगत असतात. ते द्रावण काचेवर पसरलं, सुकायला लागलं, साखळ्या एकमेकींशेजारी सपाट झोपायला लागल्या, की नारिंगी हळूहळू जांभळा होत जातो. पिकलेल्या जांभळासारखा गडद. मशीनला न विचारता, नुसत्या डोळ्यांनी सांगता येतं की या फिल्ममधून करंट जाणार. तो रंग पालटताना बघणं ही माझ्या कामातली एकमेव चैन. नोकरी लागली त्या वर्षी मी घरी येऊन पप्पांना त्याचं वर्णन करायची आणि ते जेवता जेवता थांबून ऐकायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात आम्ही नवी बाटली उघडली आणि फिल्म जांभळी होईना.

नारिंगी द्रावण काचेवर घालायचं, श्वास रोखून बघत बसायचं, आणि ते सुकून नारिंगीच राहायचं. फार तर विटकरीकडे झुकायचं. मशीनला जोडलं तर करंट जवळजवळ नाहीच. आमचे शिरीष सर, लॅबचे प्रमुख, तसे शांत गृहस्थ. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर तो आडवातिडवा पाऊस, भिंतींना बुरशी, कागद हातात घेतला तर चपातीसारखा मऊ. सर म्हणाले, हवेत पाणीच इतकं आहे, साखळ्या नीट झोपणार कशा? पाऊस उघडला की बघू. आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. कारण ओल्या हवेनं फिल्म बिघडते हे काही खोटं नाही. आमच्या सगळ्या पट्ट्यात पावसाळ्यात काहीही बिघडलं की हवेचंच नाव निघतं. रंग सुकत नाही, हवा. पुठ्ठ्याचे खोके बसतात, हवा. माणसं चिडचिडी झाली, तरी हवाच.

म्हणून आम्ही शेकायला सुरुवात केली. फिल्म गरम तव्यावर ठेवायची, म्हणजे आमच्या त्या चपट्या इलेक्ट्रिक हॉटप्लेटवर, आणि हळूहळू गार करायची. साखळ्यांना थोडी ऊब मिळाली की त्या अंग हलवून नीट जागा घेतात. चांगल्या साखळीच्या बाबतीत हे होतंही. आम्ही कमी शेकून बघितलं, जास्त शेकून बघितलं, झाकून शेकलं, नायट्रोजनमध्ये शेकलं. खोलीतली ओल ओढणारं यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं आणि त्याच्याखालची बादली ओतून ओतून कंटाळा आला. नारिंगी ती नारिंगी.

घरी गेलं की पप्पांचा एकच प्रश्न. “शेकून बघितलंस का?”

बघितलं, मी म्हणायची.

“पुन्यांदा शेक. एका शेकात ओल निघत न्हाई.”

त्यांचा या गोष्टीवर धर्मासारखा विश्वास होता, आणि तो काही उगीच नव्हता. त्यांच्याकडे एक जुना मेगर आहे. लोखंडी डबा, वर काटा, बाजूला फिरवायचा दांडा. दांडा गरगर फिरवला की काटा सांगतो, मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरलीय की नाही. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या, मालक रडकुंडीला आलेला असायचा, काटा शून्याला टेकलेला. पप्पा म्हणायचे, जळली न्हाई, ओल धरलीया. भट्टीत ठेवायचे, शेकायचे, पुन्हा दांडा फिरवायचे, आणि काटा वर चढलेला असायचा. जन्मभर त्यांनी हा चमत्कार बघितला होता. त्यामुळे ओल आणि शेक या दोन शब्दांत त्यांचं अर्धं शास्त्र मावत होतं.

त्याच श्रावणात त्यांना शर्टाचं वरचं बटण लागेना.

आधी आम्ही हसलो. म्हटलं, बटणघर शिवलं कुणी? मग चटणीच्या बरणीचं झाकण. मग कुलपात किल्ली फिरेना, म्हणून ते बाहेर जिन्यात शेजाऱ्याशी गप्पा मारत बसले होते. कुणालाच सांगितलं नाही की आत जाता येत नाहीये. उजव्या हाताच्या अंगठ्याखालचा उंचवटा, ज्यानं त्यांनी जन्मभर तार दाबली, तो बसत चालला होता. मधूनमधून दंडाची कातडी आपोआप फुरफुरायची, आतून कुणीतरी टिचक्या मारतंय तशी. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं आमचं घरगुती वैद्यक. आई म्हणाली, वात आहे. पप्पा म्हणाले, ओल धरली हाताला. पावसाचं हाय, उघडला की सुटंल.

आणि आईनंही शेकायला सुरुवात केली. तव्यावर खडं मीठ भाजायचं, ते तडतडायला लागलं की जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं आणि त्या पोटलीनं मनगटापासून कोपरापर्यंत शेक द्यायचा. मी चाकणहून यायची तेव्हा घरभर भाजल्या मिठाचा वास असायचा. पप्पा कॉटवर हात पसरून बसलेले, आई खाली पाटावर. दिवसभर मी तिकडे शेकून आलेली, इकडेही तेच. आम्ही तिघं आपापली ओल काढत होतो आणि बाहेर पाऊस काही हटत नव्हता. खरं सांगू, त्या दिवसांत मला बरं वाटायचं. वाट बघायला काहीतरी होतं.

मग दसऱ्याच्या आधी एका सकाळी दार लाथ न मारता लागलं.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्रांची पूजा होते. लेथला हळदकुंकू, हातोड्याला झेंडू, कंपनीच्या गेटला तोरण. आमचं घर बौद्ध, पप्पांनी कधी हत्यारांना कुंकू लावलं नाही. पण त्या दिवशी ते सगळी हत्यारं खाली उतरवायचे, चादरीवर मांडायचे आणि तेलाच्या फडक्यानं एकेक पुसायचे. पूजा न्हाई, पन हत्यार पुसायला दिवस कोनता का असंना, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जायचो. हा आमचा ठरलेला क्रम होता.

त्या वर्षीही चादर पसरली. पक्कड, लाकडी हातोडी, तार खाचेत बसवायच्या बांबूच्या पट्ट्या, आणि मेगर. खिडकीतून खडखडीत ऊन आलं होतं. पप्पांनी पक्कड उचलली आणि ती हातातून सटकून फरशीवर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मेगर पुढे ओढला. दांडा धरला. फिरवायला गेले, तर बोटं दांड्याभोवती मिटेनात. डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून दांड्यावर ठेवली, आणि दांडा फिरवायच्या आधी ती आपली आपण उघडली. मी बघतेय हे त्यांनी बघितलं. हसून म्हणाले, “तू फिरव की जरा, माय. किती वर्सं झाली, तू फिरवला न्हाईस.”

मी फिरवला. कशालाच जोडलेला नव्हता, त्यामुळे काटा सरळ पार पलीकडे गेला. पप्पांनी मान हलवली, चांगला हाय म्हणाले, आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

त्या आठवड्यात लॅबमध्येही हवा एकदम सुकली. ओल ओढणाऱ्या यंत्राची बादली कोरडी पडली. सरांनी उत्साहानं स्वतःच्या हातानं फिल्म घातली. आम्ही सगळे भोवती उभे. ती सुकली आणि नारिंगीच राहिली. सर हातातलं चिमट्याचं टोक काचेवर आपटत राहिले. मग म्हणाले, पुण्याला नमुना पाठवून साखळीच तपासून घेऊ. हे आधीच करता आलं असतं, पण आधी पाऊस होता ना.

दसरा झाल्यावर मी आणि आई पप्पांना पिंपरीतल्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी पप्पांच्या हाताला तारा लावल्या, बारीक झटके देऊन करंट किती वेगानं कुठे पोचतो ते मोजलं. पप्पा कुतूहलानं स्क्रीनकडे बघत होते. आपल्यालाच मेगर लावलाय म्हणाले. मग डॉक्टरांनी दंडात एक बारीक सुई घातली आणि हात सैल सोडायला सांगितला. त्या यंत्राला स्पीकर होता. निरोगी स्नायू स्वस्थ पडला असेल तर त्यातून काही ऐकू येत नाही, हे मला नंतर कळलं. पप्पांच्या हातातून आवाज येत होता. पत्र्यावर पाऊस पडतो ना, अगदी तसा. आधी टपटप, मग एकसारखा. बाहेर कडक ऊन होतं.

पप्पांनी कान देऊन ऐकलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “बगा, हातात अजून पाऊस उघडलाच न्हाई.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुई दुसऱ्या हातात घातली, ज्याला काहीच झालेलं नव्हतं असं आम्ही समजत होतो. तिथेही पाऊस होता.

नंतर त्यांनी आम्हा दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या पेशी असतात त्या एकेक करून मरत जातात. का, ते माहीत नाही. हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. कुणाला वेळ कमी मिळतो, कुणाला जास्त. एक गोळी आहे, ती थोडासा वेळ देते, बरं करत नाही. मी विचारलं, आम्ही पावसाळ्यात इतके महिने नुसते शेकत बसलो, त्यानं काही बिघडलं का? त्या म्हणाल्या, नाही. तुम्ही जूनमध्ये आला असतात तरी मी हेच सांगितलं असतं. माणसाला चूक तरी हवी असते हो. चूक असली की हात तरी चोळता येतात. आमच्याकडे तीही नव्हती.

उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्पर्श जात नाही. गरम, गार, कुणी हात धरला, हे सगळं त्यांना शेवटपर्यंत कळेल. मला कळेना की हे दिलासा म्हणून सांगतायत की काय म्हणून.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि बाकावरच निकाल लावून टाकला. “त्यांना सांगायचं न्हाई. पावसाचं दुखणं हाय म्हणायचं. हळूहळू उतरंल म्हणायचं.” मी म्हटलं, आई, ते काही लहान आहेत का? ती म्हणाली, मी सांगितलं तेवढं ऐक. जन्मात तिनं मला इतक्या कडक आवाजात काही सांगितलं नव्हतं. रिक्षात पप्पा मधे बसले होते, आम्ही दोघी दोन बाजूंना. काय म्हनल्या डाक्तर, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, सांधे आखडलेत, शेक चालू ठेवा म्हणाल्या.

पुण्याहून साखळीचा निकाल चार-दोन दिवसांत आला. सर फोन ठेवून आले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, हवा नव्हती. साखळीच तशी आलीय. करतानाच जोडण्या उलट्यासुलट्या पडल्यात, डोक्याला डोकं, शेपटाला शेपूट, जागोजाग. अशी साखळी जन्मात सपाट पडत नाही. तिला कितीही ऊब द्या, कोरडी हवा द्या, ती पिळलेलीच राहणार. नारिंगी रंग पहिल्या दिवसापासून आपल्याला हेच ओरडून सांगत होता, आणि आपण पावसाला शिव्या देत होतो. मग त्यांनी हात झटकले, बाटलीवर लाल खूण केली आणि दुसरी मागवायला सांगितली. महिन्याभरात ती आली आणि पहिलीच फिल्म अशी काही जांभळी झाली की लॅबमध्ये पेढे वाटले गेले. मी पेढा हातात धरून बाहेर जाऊन उभी राहिले.

असल्या जोड्या लावणाऱ्या लोकांचा मला फार राग येतो, हे आधीच सांगते. काचेवरची फिल्म आणि माणसाचा हात यांचा काडीचाही संबंध नाही. एक प्लास्टिक आहे, दुसरे माझे पप्पा. एकात इलेक्ट्रॉन पळतात, दुसऱ्यात भलतंच काही. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, मला हे कळतं. संबंध लावला तो मी नाही.

निकाल आला त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात मीठ भाजत होती. पप्पा कॉटवर होते. हात मांडीवर ठेवलेला, पंजा उताणा. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “काय माय, सापडला का दोष?”

सापडला, मी म्हटलं.

“ओलच ना?”

आणि मी सांगायला लागले. चप्पल काढता काढता, डबा पिशवीतून काढता काढता, रोजच्यासारखी. नाही हो पप्पा, साखळीच मुळात तशी जोडली गेली होती. आतूनच. हवेचा काही संबंध नव्हता. पाऊस असता काय, नसता काय, ते तसंच होणार होतं. त्यांनी विचारलं, मग एवढं शेकलं ते? मी म्हटलं, शेकून वरवरचं सुटतं. मुळातलं नाही सुटत. आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं, तेव्हा मला ऐकू आलं की मी काय बोलतेय.

डबा माझ्या हातात तसाच राहिला. पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या पंज्याकडे बघत होते, अंगठ्याखाली जिथे खड्डा पडला होता तिथे. दंडाची कातडी फुरफुरत होती. आतमधून मिठाचं तडतडणं ऐकू येत होतं.

“म्हंजी ओल न्हवती ती,” पप्पा म्हणाले.

“मी फिल्मचं सांगतेय, पप्पा.”

“व्हय,” ते म्हणाले. “फिल्मचंच.”

मी डबा उगाच पुन्हा पिशवीत घातला. तेवढ्यात स्वयंपाकघरात तवा उतरवल्याचा आवाज झाला. पप्पांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“आईला कळू देऊ नगंस,” ते म्हणाले. “शेकू दे तिला.”

आई पोटली घेऊन आली. फुंकर मारत, या हातातून त्या हातात घेत. पाटावर बसली आणि म्हणाली, “आता पाऊस गेलाय, बघा कसं उतरतंय ते.” पप्पांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि तिच्यापुढे ठेवला. व्हय, म्हणाले. मी बाथरूममध्ये गेले, दार ढकललं, ते मुकाट लागलं.

तेव्हापासून आमच्या घरात हे असं चाललं आहे. आई पप्पांपासून लपवते, पप्पा आईपासून. मला दोन्हीकडचं माहीत, आणि मी दोन्हीकडे मान डोलावते. आता त्यांचे दोन्ही हात गेलेत. चालणं भिंतीच्या आधारानं, तेही न्हाणीपर्यंत. शब्द घशात अडकतात, पातळ केलेली खिचडी मी भरवते. डॉक्टर म्हणतात, तुमच्या वडिलांना वेळ बराच मिळाला. मी हो म्हणते. लॅबमध्ये आमची फिल्म आता सुरेख चालते. तिच्यावर अंगठा धरून उजेड अडवला तर मीटरचा काटा पडतो, काढला तर चढतो. एकदा एक तुकडा मीटरसकट घरी आणून मी पप्पांना दाखवला, खिडकीत धरून, उजेड आत-बाहेर करून. त्यांनी पुन्हा दाखव अशी खूण केली. मग पुन्हा. दिवेलागण होईपर्यंत आमचा तोच खेळ चालला होता.

फिल्मचं बरं असतं. बाटली बदलता येते.

आज बसमधून उतरून घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. जिन्यातच मिठाचा वास आला. आतल्या खोलीत पप्पा उशांना टेकून बसलेले, पांढरी दाढी वाढलेली. परवा रविवारी मी ती करणार आहे. खिडकी सताड उघडी, कोरडा वारा येत होता. आई पाटावर बसली. आता तिलाही खाली बसताना एक हात जमिनीला टेकवावा लागतो. तिनं पप्पांचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, बोटं सरळ केली, आणि पोटली आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली.

“गेला बघा पाऊस,” ती म्हणाली. “दार लागलं आज.”

मग तिनं पोटली मनगटावर ठेवली. पप्पांनी डोळे मिटले.

“लागतंय का गरम?”

“लागतंय,” पप्पा म्हणाले. हा शब्द त्यांना अजून बऱ्यापैकी येतो.

“लागू द्या. ओल निघंल.”

पप्पांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटला.